खुबा बदलायचे रीमर आणि ब्रोच: पेटी येते तिथपासून परत जाते तिथपर्यंत

जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबारकडच्या बऱ्याच ऑर्थो हॉस्पिटलांत खुबा बदलायची हत्यारं हॉस्पिटलची स्वतःची नसतात. सरांनी (ऑपरेशन करणाऱ्या सर्जननी) तारीख धरली की डीलरला फोन जातो आणि नाशिकहून, मुंबईहून किंवा संभाजीनगरहून चार-सहा पेट्या निघतात. त्या उतरवताना पेशंटचे नातेवाईक हमखास विचारतात, "भाऊ, हाई काय शे? इतलं आंगमा टाकतस का?" अंगात जाणारा माल दोन हातांत मावेल एवढाच असतो: कप (कमरेच्या हाडातल्या खोलगट वाटीत बसणारा), लाइनर (कपाचं अस्तर), स्टेम (मांडीच्या हाडात जाणारी दांडी) आणि हेड (तिच्यावरचा गोळा). तो सीलबंद खोक्यांत नवा कोरा येतो. बाकीचा सगळा पसारा त्या चार वस्तूंना हाडात नेमकी जागा करण्यासाठी: त्यात मुख्य म्हणजे हाड घासणारा रीमर आणि मांडीच्या हाडाची नळी तयार करणारा ब्रोच. इम्प्लांट देशी घ्यायचा की परदेशी यावर घरची मंडळी दोन दिवस चर्चा करतात. ज्या रीमरने हाड घासलं जाणार तो परवा कुठल्या गावात, कितव्यांदा फिरला, हे मात्र कोणी विचारत नाही. ते विचारायचं काम ओटीतल्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधल्या, माणसाचं.

म्हणून हा लेख ओटी टेक्निशियन, स्क्रब सिस्टर आणि ब्रदर यांच्यासाठी आहे. हाड किती घासायचं, कोणत्या कोनात घासायचं हे सर ठरवतात. त्यांच्या हातात धारेचं हत्यार जाईल की बोथट, हे आदल्या दिवशी आपल्या बेसिनजवळ ठरतं.

बोथट रीमरने नेमकं काय बिघडतं

जॉन चार्नली यांनी १९६२ साली इंग्लंडमध्ये रायटिंग्टनला आजच्या पद्धतीचा खुबा बसवायला सुरुवात केली, तेव्हा कप सिमेंटने पक्का होत असे. हाडातली जागा थोडी खडबडीत झाली, मिलिमीटरभर इकडेतिकडे झाली तरी सिमेंट ते भरून काढायचं. आता बहुतेक कप बिनसिमेंटचे असतात. ते हाडात दाबून बसवतात, आणि पुढच्या काही आठवड्यांत हाड कपाच्या खरखरीत पाठीत वाढून तो पकडतं. म्हणजे जागा गोल हवी, मापाची हवी, आणि तिच्या भिंतीचं हाड जिवंत हवं.

बोथट रीमर या तिन्ही गोष्टी बिघडवतो. तो कापत नाही, घासतो, आणि घासण्याने उष्णता वाढते. स्वीडनमधल्या एरिक्सन आणि आल्ब्रेक्टसन यांनी १९८३ मध्ये सशांवर केलेलं काम प्रसिद्ध आहे: हाड ४७ अंश सेल्सिअसला एक मिनिटभर तापलं तरी त्याला इजा होते आणि भरून येणं बिघडतं. ४७ अंश म्हणजे फार नाही. मे महिन्यात भुसावळचा पारा त्याच्या जवळपास जाऊन येतो. दुसरं, रीमर कापत नाही म्हटल्यावर सर जोर लावतात, आणि जोर लावला की तो मऊ बाजूला सरकतो. खड्डा गोल न होता लांबट होतो. मग शेवटचा रीमर ४९ मिमीचा असूनही ५०चा कप पकडत नाही, आणि दोष कपाला दिला जातो.

पेटी कधी यायला हवी

आदल्या दिवशी सकाळी, यात तडजोड नको. रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पहाटे सेट येणार आणि दहाला केस लागणार, हा हिशेब मुळातच चुकीचा आहे. कन्नड घाटात गाडी अडकली की दहाचे अकरा होतात, आणि मग जो वेळ कापला जातो तो धुण्याचा आणि वाळवण्याचा. पेटीवर "स्टराइल" लिहिलेली चिठ्ठी असली तरी, आणि कंपनीचा माणूस "कालच धुतलाय" म्हणाला तरी, आपल्याकडे पुन्हा पूर्ण धुलाई होणारच. हे त्याला फोनवरच सांगून ठेवा, म्हणजे दारात वाद होत नाही.

फोनवर आणखी तीन गोष्टी विचारा. इम्प्लांटची कोणती सिरीज येतेय आणि ब्रोच त्याच सिरीजचे आहेत ना. आमच्या पॉवर ड्रिलला बसेल असं कपलिंग (जोडणीचं टोक) आहे का: हडसन, झिमर की एओ. ही गोष्ट फार साधी आहे आणि तिच्यापायी भूल दिलेला पेशंट टेबलावर थांबल्याचे किस्से प्रत्येक ओटीत सापडतील. तिसरं, लहान आकार येतायत का. आपल्याकडच्या बारीक चणीच्या बायकांना, विशेषतः सातपुड्यातल्या पेशंटना, ४२-४४पासूनचे रीमर आणि सर्वांत लहान स्टेम लागू शकतात, आणि नेहमीच्या सेटमधून हे टोकाचे आकार बऱ्याचदा गाळलेले असतात.

आकाराचा अंदाज एक्स-रेवरून येतो. डिजिटल टेम्प्लेट (एक्स-रेवर ठेवून बघायचा इम्प्लांटचा आराखडा) लावायचं तर फिल्ममध्ये माहीत असलेल्या मापाची वस्तू लागते. बहुतेक ठिकाणी २५ मिमीचा धातूचा गोळा वापरतात. तो नसेल तर दहाचं नाणं चालतं, त्याचा व्यास २७ मिमी आहे. अट एवढीच की नाणं खुब्याच्या हाडाच्या पातळीला हवं, टेबलावर नको, आणि किरणांना तिरपं नको. टेबलावर ठेवलेल्या नाण्याने सगळी मापं चुकतात. एक्स-रेवाल्या दादांना हे समजावून सांगण्यात गेलेली पाच मिनिटं वसूल होतात.

हत्यारं ओळखा आणि तपासा

वाटी घासायचा रीमर म्हणजे अर्धगोल किसणी. पत्र्याला भोकं, प्रत्येक भोकाच्या कडेला उचललेला दात, आणि कीस आतल्या पोकळीत जमतो. आकार साधारण ३८-४०पासून सत्तरीपर्यंत, एक किंवा दोन मिमीच्या टप्प्याने. पाठीमागे आडव्या दांड्या असतात, त्या हँडलच्या खाचेत अडकतात.

तपासणीला चांगला दिवा आणि भिंग घ्या. दाताची कड उजेडात फिरवून बघा. धारेची कड दिसत नाही, कारण ती उजेड परतवण्याइतकी रुंदच नसते. कडेवर चकचकीत रेघ चमकली की तिथे धार गेली. मग कोरड्या गॉजचा तुकडा हलकेच फिरवा. कुठे धागा अडकून ओढला गेला तर तिथे दात वाकलाय किंवा तुटलाय. बोटाने तपासू नका. बोथट भागावर कळत नाही आणि धारेच्या भागावर बोट जातं.

सगळे आकार सारख्याच बारकाईने बघण्याइतका वेळ नसेल तर मधल्यांवर डोळा ठेवा. ४६, ४८, ५० हे आकार आपल्याकडे सर्वांत जास्त फिरतात आणि तेच आधी झिजतात. साठीच्या पुढचे रीमर नव्यासारखे चमकत असतात, त्यामुळे वरवर पाहिलं तर सेट उत्तम वाटतो. शेवटचा, मापाचा रीमर मात्र बहुधा त्या झिजलेल्यांपैकीच एक असतो.

दातांनंतर दांड्या बघा. एखादी दांडी जराशी वाकली असेल तर रीमर हँडलवर डुगडुगतो, आणि डुगडुगणारा ४८ हाडात ४८चा खड्डा करत नाही. प्रत्येक रीमर हँडलला लावून सपाट ट्रेवर उलटा धरा आणि हाताने फिरवा. कड वरखाली होत असेल तर बाजूला काढा. लॉकची कॉलर पूर्ण सरकते का, स्प्रिंग सैल झाली नाही ना, हेही तेव्हाच कळतं. वाकडं हँडल, म्हणजे छोट्या चिऱ्यातून आत जाण्यासाठी केलेलं, सुटं होतं का ते कंपनीच्या माणसाला विचारा. त्याच्या सांध्यांत जुनं रक्त अडकलेलं असतं. तो "उघडत नाही" म्हणाला तर आणखी चौकशी करा. बहुतेक हँडल उघडतात.

ब्रोचचं काम मांडीच्या हाडाच्या नळीत. काहींचे दात हाड कापून काढतात, काही हाड बाजूला दाबून घट्ट करतात. दोन्ही दिसायला जवळपास सारखे, म्हणून कंपनीची टेक्निकची पुस्तिका एकदा चाळून ठेवा. ब्रोचमध्ये धारेपेक्षाही लॉक महत्त्वाचा. प्रत्येक ब्रोच हँडलला लावून जोरात ओढून बघा. हँडल सुटून ब्रोच नळीत अडकला तर तो काढताना हाड तडकू शकतं.

नळीसाठी स्प्रिंगसारखा वळलेला लवचिक शाफ्ट आला असेल तर दोन गोष्टी: वेटोळ्यांच्या आत वाळलेलं रक्त, आणि उलटं फिरवायची बंदी. असा शाफ्ट उलटा फिरवला की वेटोळी उलगडतात.

खराब निघालेल्या हत्याराला रंगीत टेप बांधा आणि डीलरला लगेच फोन करा. बदली मिळायला दिवस हातात असतो, म्हणून तर पेटी आदल्या सकाळी मागवायची. आणि कोणी "बाजारात धार लावून आणतो" म्हणालं तर हात जोडा. घासलेल्या रीमरचं माप बदलतं. त्याच्यावर ४८ कोरलेलं असतं आणि तो ४८ राहिलेला नसतो.

धुणं

खानदेशात दोन गोष्टी वैऱ्यासारख्या आहेत: बोअरचं जड पाणी आणि गच्चीवरची टाकी.

टाकीचं आधी. मे महिन्यात दुपारी नळाला येणारं पाणी चटका देणारं असतं. अशा पाण्यात रक्ताने माखलेला रीमर धरला की रक्तातली प्रथिनं गोठून धातूला चिकटतात, आणि मग ब्रशनेही निघत नाहीत. पहिली धुलाई थंड किंवा कोमट पाण्यातच, फार तर ४० अंशांपर्यंत. त्यासाठी उन्हाळ्यात झाकणाच्या दोन बादल्या रात्रीच भरून सावलीत ठेवा.

मग एन्झाइमचं द्रावण, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात आणि तेवढाच वेळ. डोळ्याच्या अंदाजाने ओतलं की कमी पडतं किंवा फेस होऊन धुतलं जात नाही. सुटं होईल ते सगळं सुटं करा, हत्यार पूर्ण बुडवा, आणि ब्रश पाण्याखालीच फिरवा, म्हणजे तुषार तोंडावर उडत नाहीत. ब्रश नायलॉनचा, तारेच्या ब्रशने धार जाते आणि धातूवर चरे पडून तिथे गंज धरतो. रीमर बाहेरून नाही, आतून घासायचा. कीस आत जमतो, आणि दाताच्या मुळाशी बसलेला हाडाचा कण बाहेरून दिसत नाही. अल्ट्रासॉनिक क्लीनर असेल तर त्यानंतर दहाएक मिनिटं, हत्यारांची गर्दी न करता.

जड पाण्याचा त्रास शेवटच्या खळबळण्यात दिसतो. बोअरच्या पाण्याने धुऊन वाळवलं की पांढरे डाग राहतात, आणि ऑटोक्लेव्हमध्ये ते भाजून पक्के होतात. म्हणून शेवटचं पाणी आरओचं किंवा डिस्टिल्ड. दाबाची हवा मारून आतून वाळवा. सांध्यांना पाण्यात विरघळणारं वंगण लावा. मशिनचं तेल नको, त्याच्या थरातून वाफ आत जात नाही.

पॅकिंग आणि ऑटोक्लेव्ह

ट्रे आणि हत्यारं मिळून वजन ११ किलोंच्या आत ठेवा. अमेरिकन मानकातली २५ पौंडांची मर्यादा हीच. जास्त भरलेला ट्रे ओला निघतो, आणि ओलं पॅक निर्जंतुक धरायचं नाही, मग चक्र कितीही चांगलं झालेलं असो. रीमर उपडे किंवा तिरपे ठेवा, वाटीत पाणी साठायला नको. प्री-व्हॅक्युम मशिनमध्ये १३४ अंश आणि किमान तीन-चार मिनिटं, साध्या मशिनमध्ये १२१ अंश आणि गुंडाळलेल्या सेटला अर्धा तास, वाळवण्याचा वेळ वेगळा; तरी सेटसोबतच्या कागदावर काय लिहिलंय ते शेवटचं मानायचं. केमिकल इंडिकेटर (रंग बदलणारी पट्टी) ट्रेच्या मधोमध घाला, वरवर ठेवून उपयोग नाही. इम्प्लांटच्या केसला बायोलॉजिकल इंडिकेटरही (जंतूंचे बीजाणू मेले का ते दाखवणारा) लावा. प्री-व्हॅक्युमला रोज सकाळी बोवी-डिक टेस्ट (मशिनमधली हवा पूर्ण निघते का ते बघणारी).

लाइट गेली आणि चक्र मध्येच तुटलं तर उरलेली मिनिटं जोडायची नाहीत. पहिल्यापासून पूर्ण चक्र.

ट्रॉली लावताना

वापराच्या क्रमाने मांडा: करवत, वाटीचा सामान, मग नळीचा सामान. रीमर लहान ते मोठे, आकड्यांची बाजू वर. पॉवर ड्रिल रीम मोडवर आहे का ते पेशंटवर चादर टाकण्याआधी फिरवून बघा. ड्रिल मोडमध्ये मिनिटाला हजाराच्या आसपास फेरे असतात, रीम मोडमध्ये काहीशे आणि ताकद जास्त. ड्रिल मोडवर रीमर लावला तर तो हाड जाळतो. बॅटरी दोन, आणि दोन्ही चार्ज झालेल्या. करवतीचं पातं दर केसला नवं. इथे काटकसर करणारी हॉस्पिटलं मी पाहिली आहेत. त्या वाचलेल्या पैशांत सरांच्या मनगटाची मालिशही होत नाही.

सर्क्लाज वायर (तडकलेलं हाड बांधायची तार) आणि ती आवळायचं हत्यार न उघडता जवळ ठेवा. हातमोजे दुहेरी.

वाटी घासताना

करवतीने मांडीच्या हाडाची मान कापताना पात्यावर सलाइनची धार धरा, गोळा बाहेर आला की तो टाकू नका. शेवटपर्यंत ओल्या गॉजमध्ये ठेवा. वाटीत कुठे खळगा निघाला तर भरायला त्याचंच हाड लागतं. त्याचा व्यास मोजून सांगितला तर सरांना पहिल्या रीमरचा अंदाज येतो.

वाटीच्या कडेचा लॅब्रम (कूर्चेची कड) आणि तळातला मऊ भाग काढल्यावर पहिला रीमर. टेम्प्लेटवर आलेल्या कपापेक्षा तो सहा-आठ मिमीने लहान असतो आणि सर तो सरळ आत, वाटीच्या खऱ्या तळाच्या दिशेने चालवतात. तळ दिसला की दिशा बदलते: पुढचे रीमर कप ज्या कोनात बसणार त्याच कोनात, साधारण ४० ते ४५ अंश उतार आणि १५ ते २० अंश पुढे कल. ल्युइनेक यांनी १९७८ मध्ये ४० आणि १५ अंशांच्या दहा-दहा अंश आसपासचा जो सुरक्षित पट्टा मांडला, तो आजही सगळ्यांच्या तोंडी असतो, जरी त्या पट्ट्यातले खुबेही कधी निखळतात.

आपलं काम इथे चार गोष्टींचं.

रीमर देताना आकडा मोठ्याने सांगा, "अठ्ठेचाळीस, सर", आणि सरांनी तो परत म्हणेपर्यंत हँडल सोडू नका. फ्लोअरवरच्या माणसाने तो बोर्डवर लिहायचा. क्रमाबाहेरचा रीमर चुकून दोन नंबरने मोठा गेला तर हाड परत लावता येत नाही.

रीमर बाहेर आला की लगेच रिकामा करा. भरलेला रीमर कापत नाही, फक्त तापतो. आतल्या बाजूने स्पॅचुला किंवा क्युरेटने काढा, बोटाने नाही. हँडल दोन असतील तर एक सरांच्या हातात, दुसऱ्यावर पुढचा नंबर तयार.

कीस बघा. सुरुवातीला पांढरी कूर्चा येते, मग गुलाबी हाड. कीस कूर्चेचा राहिला नाही आणि वाटीच्या भिंतीतून बारीक रक्त झिरपू लागलं की सर थांबायच्या जवळ आलेले असतात. हा कीस ट्रॉलीवरच्या भांड्यात जमा करा, सलाइनने धुऊ नका. रक्ताने ओला राहिला तर खळगे भरायला उत्तम.

आणि कान. धारेच्या रीमरचा आवाज एकसारखा, जाड असतो. किरकिर झाली, जळका वास आला, किंवा सरांचे खांदे वर गेले, तर "सर, नंबर बदलून देऊ?" असं विचारायला संकोच नको. बरेच सर याची वाटच बघत असतात.

शेवटच्या रीमरपेक्षा कप एक किंवा दोन मिमी मोठा घेतात, म्हणजे तो दाबून बसतो. इथे एक फसगत आहे. काही कंपन्या कपावर जो आकडा लिहितात त्यात वरचा खरखरीत थर धरलेला असतो, काहींत नसतो. त्यामुळे एका कंपनीच्या सेटमधला नियम दुसरीला लावायचा नाही, आणि एकीचे रीमर वापरून दुसरीचा कप तर अजिबात नाही.

म्हाताऱ्या माणसाचं हाड ठिसूळ असेल, खुब्याची मान मोडून आलेली आजी असेल, तर रीमर तळातून आरपार जायची भीती असते. अशा वेळी काही सर रीमर उलटा फिरवून मागतात. त्याने हाड कापलं न जाता दाबलं जातं. म्हणून ड्रिलचं रिव्हर्स बटण कुठे आहे ते आपल्याला न बघता सापडायला हवं. स्क्रूसाठी भोक पाडायची वेळ आली तर लवचिक ड्रिल, गाइड आणि डेप्थ गेज एकत्र द्या. सर वरच्या-मागच्या भागातच भोकं पाडतात, कारण वर-पुढे हाडाच्या पलीकडे लगेच मोठ्या रक्तवाहिन्या असतात. ड्रिलचं टोक तिकडे गेलं तर पोटातून रक्तस्राव.

नळी तयार करताना

बॉक्स चिझलने तोंड उघडतं, कॅनाल फाइंडरने वाट कळते, मग ब्रोच लहान ते मोठे. वाट बाहेरच्या बाजूने धरली नाही तर स्टेम आत झुकून बसतो, म्हणून सर आधी बाहेरचं हाड काढायला रास्प मागतात; तो हाताशी ठेवा.

ब्रोचवर ठोके सारख्या जोराचे. ब्रोच पुढे सरकत असतो तोवर आवाज खोल असतो, बसला की तो बदलून टणक होतो. आवाज बदलल्यावरही ठोकत राहिलं, किंवा ब्रोच सरकत नाही म्हणून जोर वाढवला, तर मानेजवळचं हाड तडकतं. तेव्हा लागते ती मघाशी न उघडता ठेवलेली वायर.

सिमेंटच्या स्टेमला ब्रोच स्टेमपेक्षा मोठा असतो, सिमेंटला जागा राहावी म्हणून. बिनसिमेंटच्या स्टेमला तो जवळपास बरोबरीचा किंवा किंचित लहान. दोन्हींचे ब्रोच एकाच पेटीत आले तर मांडतानाच वेगळे करा. कॅलकार (मांडीच्या हाडाच्या मानेची आतली कड) घासायचा प्लेनर आधी फिरवायचा, मग हाडाला टेकवायचा. टेकवून चालू केला की तो हाडात अडकतो आणि झटका देतो.

सिकलसेलचा खुबा

हे प्रकरण वेगळं, आणि आपल्या भागात ते टाळता येत नाही. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर, साक्री, चोपडा, यावलच्या आदिवासी पट्ट्यातून येणारी तरुण मुलं-मुली, विशीतली, लंगडत येतात. सिकलसेलमध्ये लाल पेशी वाकून बारीक रक्तवाहिन्या अडवतात, मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त मिळत नाही, तो मरतो आणि ढासळतो. केंद्राने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू केलं, तपासण्या वाढल्या. तरी भरती होताना चाचणी झाली आहे का, कार्ड आहे का, हे विचारून फाइलवर वर लिहा.

हत्यारांच्या बाजूने फरक असा की हे तरुण हाड असूनही नेहमीसारखं वागत नाही. वारंवार रक्तपुरवठा तुटल्यामुळे हाडाचे काही पट्टे संगमरवरी कठीण, शेजारचे मऊ. वाटी घासताना रीमर कठीण भागावर सटकतो आणि मऊ बाजूला पळतो. बोथट रीमर तर पूर्ण भरकटतो. इथे मला कोणतीही सबब मान्य नाही: सिकलसेलच्या केसला मधल्या आकारांचे रीमर नव्या धारेचेच हवेत, आणि डीलरला तसं केस बुक करतानाच सांगायचं.

नळी त्याहून अवघड. ती जागोजागी हाडाने भरून बंद झालेली असू शकते. कॅनाल फाइंडर अडतो, आणि जोर लावला की बाजूची भिंत फुटून हत्यार स्नायूंत निघतं. म्हणून अशा केससाठी वेगळा ट्रे मांडून ठेवा: बारीक लांब ड्रिल, गाइड वायर, तिच्यावरून जाणारे लहान आकाराचे रीमर, हाय-स्पीड बर (हाड कोरणारं वेगाने फिरणारं टोक), आणि सर्वांत लहान ब्रोच. सी-आर्म (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं मशिन) टेबलाला लागून तयार हवा, दोन्ही दिशांचं चित्र मिळेल अशा ठिकाणी. टेबलचा लोखंडी पाय मध्ये येत नाही ना हे पेशंट घ्यायच्या आधी बघा. सर दर सेंटिमीटरला चित्र मागतील, लेड ॲप्रन सगळ्यांना पुरायला हवेत. बर चालताना सलाइन सतत.

भूलतज्ज्ञांच्या बाजूनेही तयारी वेगळी. या पेशंटला थंडी, पाण्याची कमतरता आणि ऑक्सिजनची कमतरता तिन्ही घातक, कारण त्यांनी पेशी आणखी वाकतात. एसी नेहमीच्या मापावर नको, सलाइन कोमट, ब्लँकेट आधीच गरम. रक्त क्रॉसमॅच होऊन हाताशी. जंतुसंसर्गाचा धोकाही यांना जास्त, त्यामुळे निर्जंतुकीकरणाच्या इंडिकेटरची पट्टी फाइलला चिकटवायची ती न विसरता.

केस संपल्यावर

केस चालू असतानाच हत्यारं पुसत राहा, निर्जंतुक पाण्याने. सलाइनने नको, त्यातल्या क्लोराइडने स्टीलला बारीक खड्डे पडतात. टाके घालण्याआधी वापरलेल्या प्रत्येक रीमरचे आणि ब्रोचचे दात बघा. तुकडा कमी वाटला तर सरांना तेव्हाच सांगायचं, म्हणजे सी-आर्मखाली शोधता येतो.

ओटीतून धुण्याच्या खोलीपर्यंत उन्हाळ्यात रक्त वाळायला वेळ लागत नाही. ओला टॉवेल टाकून न्या आणि लगेच भिजवा. मग वरची सगळी धुलाई पुन्हा, या वेळी दुसऱ्या गावातल्या पेशंटसाठी. सेट परत देताना बोथट आणि वाकलेल्या आकड्यांची चिठ्ठी आत घाला आणि तिचा फोटो काढून रजिस्टरला लावा: तारीख, सेटचा नंबर, कोणता रीमर, काय दोष. पुढच्या खेपेला तोच सेट तोच ४८ घेऊन परत आला, तर डीलरशी बोलायला कागद हातात असतो, आणि सही केल्याशिवाय पेटी बाहेर सोडायची नाही.